रंधा मशीनचे कार्बन

बाबा, ते मशीन तुमच्या हातून जळलं नव्हतं. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय.

अठ्ठ्याण्णव साली आयटीआय करून मी मुंबईत नोकरीला लागलो आणि पहिल्या सुट्टीला लांज्याला येताना तुमच्यासाठी विजेचा रंधा आणला. पन्नाशी उलटलेल्या तुम्ही दोन दिवसांत त्यावर हात बसवलात. फणसाची फळी भराभर गुळगुळीत व्हायची आणि तुम्ही तिच्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवायचात. वर्षभराने आलो, तेव्हा गुरुजींच्या नव्या घराचे दरवाजे चालले होते आणि मशीन मध्येच बंद पडत होतं. "थोपटलं की चालतं रे," तुम्ही म्हणालात. "ठिणग्या उडतात, पण मोटर मेलेली नाय." मी नुसता वास घेतला. उघडून पाहिलंसुद्धा नाही. गुरुजींच्या देखत म्हणालो, "जाळलंत तुम्ही. हा काय हातरंधा आहे, रेटत सुटायला?" तुम्ही अंगावरचा भुसा झटकलात आणि जुन्या रंध्याच्या पात्याला धार लावत बसलात.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या दुकानात मेकॅनिकने मोटरच्या दोन्ही बाजूंची काळी टोपणं स्क्रूड्रायव्हरने काढली. आतले कार्बन, फिरत्या मोटरला वीज पोचवणारे ते दोन तुकडे, झिजून डाळीएवढे उरले होते. "एवढंच," तो म्हणाला. "वापरून वापरून झिजतात ते. ज्याने चालवलंय, नीट चालवलंय." नवे कार्बन बसले, टोपणं आवळली, मशीन फिरायला लागलं. माझा चहासुद्धा संपला नव्हता. हेच मी आयटीआयमध्ये शिकलो होतो.

एसटीत बसून ठरवलं होतं, सांगायचं. पण अंगणातच तुम्ही विचारलंत, "फार जळलेलं काय रे?" आणि मी म्हणालो, "हो. मोटर नव्या तारेने भरून आणली." तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर त्या मशीनला कधी हात लावला नाहीत. उरलेले दरवाजे हातानेच रंधलेत. संध्याकाळी आई तुमच्या खांद्याला तेल चोळत होती, आणि मी समोरच जेवत होतो.

आई अजून आल्यागेल्याला कौतुकाने सांगते, "ह्यांचा हात लाकडावरचा, मशीन काय त्यांना जमलं नाय." मी तिथेच असतो. हे लिहिलेलं मघाशी तिला वाचून दाखवणार होतो. चष्मा पुसून ती समोर बसलीसुद्धा. मी कागदाची घडी घातली आणि तिला विचारलं, औषध घेतलंस का.