शिवराजच्या दारात

गारखेडा,
१० मार्च २०२५

चि. शांतवन यास, सुरेखाअक्काचे अ. आ.

फोनवर तू रडतोस आणि मला कामं असतात, म्हणून पत्र. काल छावणीच्या चर्चमध्ये उभा राहून तू साक्ष दिलीस. मी पापी आहे, असं सात वेळा म्हणालास. पाप कोणतं, ते एकदाही नाही. कंपनीत तू सुपरवायझर. हात वाचवणारं गार्ड काढून प्रेस मशीन चालव, असं शिवराजला तूच सांगितलंस. त्याची चार बोटं गेली. मग त्यानंच गार्ड काढलं, अशा अहवालावर तूच सही केलीस आणि त्याची नोकरीही गेली. त्याचं नाव काल तुझ्या तोंडून निघालं नाही. तरी मंडळींनी तुला मिठ्या मारल्या. इतका स्वस्त पश्चात्ताप शहागंजच्या बाजारातही मिळायचा नाही.

शर्ट मात्र छान होता.

लोभ आहे, इलाज नाही.
सुरेखा

छावणी,
१५ मार्च

ती. अक्कास, शांतवनचा सा. सलाम.

पत्र लई लागलं. पाळकसाहेब म्हणाले, देवानं क्षमा केली, आता मागचं उकरू नको. पश्चात्ताप हा माणसाचा आणि देवाचा मामला आहे. शिवराजला सांगून त्याची बोटं परत येणार नायत. माझी नोकरी मात्र जाईल, आणि माझ्या पोरीचं, श्रेयाचं, नर्सिंगचं अजून पहिलंच वर्ष आहे.

माया पातळ करू नये.
शांतवन

गारखेडा,
१९ मार्च

चि. शांतवन यास अ. आ.

देवाच्या आड लपायची युक्ती बरी आहे. बोटं देवाची गेली नव्हती. आपले बापू संडे स्कूलमध्ये शिकवायचे ते विसरलास. वाईट वाटणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे. चुकीच्या वाटेवरचा माणूस उलटा फिरतो, तो पश्चात्ताप. तू वाटेतच बसून रडतोस, तेही लोकांना दिसेल असं. क्षमा मिळाली म्हणतोस, तर शिवराजच्या गावी, शेंद्र्याला जायच्या बसमध्ये अजून का चढला नाहीस?

श्रेयाला तरी माझा लोभ सांग.
सुरेखा

छावणी,
८ एप्रिल

ती. अक्कास सा. सलाम.

शुक्रवारी शेंद्र्याला गेलो. शिवराजची आई सारजाबाई, तिनं ओळखलं, पण बसा म्हणाली नाय. शिवराज डाव्या हातानं शेळीला पाला टाकत होता. उभ्यानंच सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तो म्हणाला, माफीचं मला जमंल असं वाटत नाय, तू आधी कागदावर लिही. तिथंच लिहून दिलं. रविवारी चर्चमध्ये त्याचं नाव घेऊन बोललो. दोघं-तिघं उठून बाहेर गेले. काल तोच जबाब कंपनीत दिला. आज मला निलंबित केलं.

निघताना शिवराजनं विचारलं, हे आणखी कुणाला ठावं होतं का. मी नाय म्हणालो. तेवढं एक खोटं बोललो, अक्का.

आहे तशी माया असू दे.
शांतवन

गारखेडा,
११ एप्रिल

चि. शांतवन यास अ. आ.

पत्र तीनदा वाचलं. ते खोटं तू माझ्यासाठी बोललास. अपघात झाला त्या दुपारी तू थेट माझ्याकडे आला होतास, आणि सही करून टाक, पोरीकडे बघ, असं मीच म्हणाले होते. गेली दोन वर्षं तुला नावं ठेवली की मला स्वच्छ वाटायचं.

उद्या सकाळच्या बसनं शेंद्र्याला निघते. तू बरोबर येऊ नकोस. आलास तर मी तुझ्या आड लपेन.

जमलं तर लोभ ठेव.
सुरेखा