वेढ्याच्या चित्रातली माणसं

सोमवार, २ ऑक्टोबर २००६

नॉटिंगहॅमला येऊन पाच आठवडे झाले आणि आज मी कामावर गेले! अजयला हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार डॉक्टरची पोस्ट मिळाली म्हणून मी पुण्यातलं म्युझियम सोडून आले. नुसतं घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती.

ही सगळी पुरुषोत्तमकाकांची कृपा. काकू इथे डॉक्टर होत्या. काकांनी तीस वर्षं युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत पुस्तकं बांधली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली. तेवढ्यावर त्यांनी माझं नाव सुचवलं आणि आज स्वतः गाडी घेऊन न्यायला आले.

घर गावाबाहेर आहे, मिसेस हॅलम नावाच्या वयस्कर बाईंचं. त्यांच्या सासऱ्यांनी जमवलेले लाल कातडी बांधणीचे नऊ अगडबंब खंड. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने आपली चित्रं, पुतळे, राजवाडे, लढाया सगळं तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतलं आणि त्याचे छाप परदेशी राजदूतांना भेट दिले, आपलं वैभव जगाने पाहावं म्हणून. मी यादी करायची, काकांनी सुटलेली पानं नीट करायची. काकांचे हात जरा थरथरतात, पण कागदाला लागले की स्थिर होतात. लंचला त्यांनी मला अर्धं थालीपीठ दिलं. स्वतः थापलेलं.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

राजवाडे संपले, आज लढाया सुरू केल्या. एक वेढ्याचं चित्र फारच सुंदर आहे. यादीत मी लिहिलं: टेकडीवर घोड्यावर राजा, मागे सरदार, शिपाई, एक बग्गी. एकूण त्रेसष्ट माणसं. सगळ्यांची पाठ आपल्याकडे, तोंडं खालच्या शहराकडे. फक्त पुढच्या ढोलवाल्याचा चेहरा दिसतो, आणि नेमका त्याच्याच गालावर तपकिरी डाग.

मी म्हटलं, हा काढूया. काका नको म्हणाले. हा कागद आधीच कोणीतरी धुतलाय, त्याच्यात दम नाही, पाणी अजिबात लावायचं नाही. डाग असला तर असू दे, म्हणाले. मला ते थोडं जुनाट वाटलं.

मंगळवार, १० ऑक्टोबर

हे कुठेतरी लिहायलाच हवं.

काका लंचला बागेत गेले होते. मला वाटलं, डाग काढून दाखवला तर मिसेस हॅलम खूश होतील, पुढचं काम मला एकटीला देतील. कापूस भिजवला, अगदी हलका. शाई हलली नाही, पण कागदच मऊ पडला आणि त्याचे तंतू सुटून कापसाबरोबर आले. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. ढोलवाल्याचा चेहरा निघाला. नखाएवढी पांढरी, केसाळ जागा राहिली.

मी कापूस कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला, वर कागद टाकला, आणि खंड मिटला. काकांनी आल्यावर विचारलं, जेवलीस का?

बुधवार, ११ ऑक्टोबर

मिसेस हॅलमनी पाहिलं. ओरडल्या नाहीत. हे कसं झालं, एवढंच शांतपणे विचारलं.

मी फक्त काकांच्या हातांकडे पाहिलं. माझी नजर जिथे गेली तिथे मिसेस हॅलमचीही गेली. काकांनी आमच्या दोघींकडे पाहिलं आणि इंग्लिशमध्ये म्हणाले की वय झालं, आता थांबायला हवं. हत्यारांची पिशवी भरली. मी दार उघडून धरलं. तेवढं मात्र मी केलं.

सोमवार, १६ ऑक्टोबर

बसने गेले. वेढ्याचं चित्र उघडलं. बग्गीतल्या बाईने मान वळवलीय.

मी यादी पुन्हा वाचली. माझंच अक्षर: सगळ्यांची पाठ आपल्याकडे. लिहिताना चुकले असेन.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

आज सतरा जणांनी मान वळवलीय. शिपाई, दोन सरदार, खंदक खणणारा एक माणूस. शहराकडे न बघता बाहेर बघताहेत. रागाने नाही. मी जे केलं ते त्यांना ठाऊक आहे, अशा नजरेने.

मिसेस हॅलमना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हापासून ही माणसं अशीच बघतात.

शनिवार, २१ ऑक्टोबर

काकांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा. राहिलेली पानं कशी चिकटवायची ते समजावून सांगितलं, मी वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाले, "अगं, मी कापूस पाहिला होता बिनमध्ये. तू नवीन आहेस इथे. माझं काय, झालंच होतं आता."

मी फोन ठेवला. तेवढ्यात अजय आत आला. त्याने विचारलं कोण होतं; मी म्हटलं, राँग नंबर.

सोमवार, २३ ऑक्टोबर

बासष्ट. राजा सोडून सगळे. ज्याला चेहराच नाही तोसुद्धा.

राजवाड्यांचा खंड उघडला. अंगणात मुंगीएवढी माणसं काढलेली असतात, जागेचा अंदाज यावा म्हणून. भिंग लावलं. तीसुद्धा—

मंगळवार, २४ ऑक्टोबर

नऊही खंडांत तेच. पुतळेसुद्धा. संगमरवरी देवांना बुबुळं नव्हती. आता आहेत.

उद्या मिसेस हॅलमना खरं सांगणार.

बुधवार, २५ ऑक्टोबर

सांगितलं नाही. त्या चहा घेऊन आल्या, माझं कौतुक केलं. मी थँक यू म्हटलं.

घरी आल्यावर अजय म्हणाला, पुरुषोत्तमकाकांना स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली. वाचाही.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर, दुपारी, वॉर्डमध्ये

काका झोपलेत. त्यांची मुलगी शिल्पा रीडिंगहून आलीय. माझा हात धरून म्हणाली, "बाबांनी तुझं खूप सांगितलं होतं. कामावरचं कोणीच आलं नाही, तूच आलीस." मी हात सोडवून घेतला नाही.

ती आता कॉफी आणायला गेलीय. हातांना काहीतरी हवं म्हणून लिहितेय. काका जागे झाले की सांगणार. त्यांना ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून. मग शिल्पाला. मग मिसेस हॅलमना.

समोरच्या बेडवरचे आजोबा माझ्याकडे बघताहेत. हसले नाहीत.

खिडकीजवळचाही. मघाशी झोपला होता—

नर्स औषधांच्या ट्रॉलीशी थांबलीय. मान वळवून. पापणी हलत नाही कोणाची. आवाज नाही कसलाच. दारात शिल्पा, हातात दोन कप, आणि तीही तशीच—

खाली बघायचं. वहीत बघायचं. फक्त वहीत.

चादर हलली. काकांचा हात वर येतोय. उजवा. उजवा कसा — अजय म्हणाला होता तो गेला — जराही थरथरत नाहीये — बोट माझ्या गालाकडे, ओल्या कापसासारखं—

सांगते. सांगते काका, सगळ्यांसमोर सांगते, तो चेहरा मी पुस