दुपटेमास्तर

५ फेब्रुवारी, बुधवार

नातवाला तान्ह्यांच्या खोलीतून काढणार म्हणे! दोन वर्षं पाळणाघरात कामाला आहे. अकरा पोरं एकटा सांभाळतो. त्याच्याकडं गेलं की रडकं पोरही गप्प होतं. आता चार आईबापांनी अर्ज दिलाय — ‘दुपटेमास्तराच्या हातात आमचं मूल नको.’

दुपटेमास्तर म्हणजे साडेसातच्या मालिकेतला. खांद्यावर दुपटं, कडेवर बाहुली, झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतो. मीही पोट धरून हसते. म्हणजे, हसायची.

"पुढच्या शुक्रवारी पाळणाघराच्या बाई काय ते सांगणार आहेत," नातू म्हणाला आणि भांडी घासायला लागला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

टीव्ही लावला नाही. घर खायला उठलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज नखांचा वार. माझी कंबर वाकत नाही, म्हणून पायाची नखं नातूच कापतो. आधी कोमट पाण्यात पाय, मग एकेक बोट धरून, गुणगुणत. तान्ह्यांची कापतो तशी. आज गुणगुणला नाही.

मला कारखाना आठवला. नवरा गेल्यावर एकोणीस वर्षं मी लेथवर लोखंड कातलं. तेव्हा रेडिओवर एका साबणाची जाहिरात लागायची — ‘नाजूक हात, नाजूक काम.’ मी यंत्र सुरू केलं की शेजारचे बाप्ये तीच चाल धरायचे. नाव पडलं नाजूकबाई. मुकादमाची जागा निघाली तेव्हा साहेब हसला. "नाजूकबाईचं कोण ऐकणार?" जागा मिळाली ती मीच शिकवलेल्या पोराला!

नाव पडलं की काय होतं, ते मला कुणी सांगायला नको.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लिहून टाकते. वही काही चहाडी करत नाही.

ते नाव त्याला मीच ठेवलं.

महिना झाला. खाली शिंपिणीच्या दुकानात उशीचा अभ्रा शिवायला घेऊन गेले. चार बायका बसलेल्या. माझ्याकडं कुणी बघेना. सरकून जागाही देईना. मालिकेचा विषय निघाला आणि मी म्हटलं, "आमच्या घरी अस्सल दुपटेमास्तर आहे. झुरळ तेवढं तुमचं आणा!"

काय हसल्या! शिंपिणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बसा हो आजी, चहा घ्या." कित्येक महिन्यांत मला कुणी ‘बसा’ म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले. पुन्हा तेच बोलले, वर थोडी भर घालून. शिंपिणीची नात त्याच पाळणाघरात आहे. तिथून ते घरोघर गेलं.

एका कप चहापायी!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाळणाघरात गेले. काचेतून नातू दिसला. छातीवर एक पोर झोपलेलं, दुसऱ्याचा पाळणा पायानं हलवत होता.

बाईंना सांगितलं, "नाव मी ठेवलं. शिक्षा त्याला का?"

बाई वाईट नाहीत. खुर्ची दिली. "आजी, नाव कुणीही ठेवो. आता आया दारातून बघतात तर त्यांना टीव्हीतलाच दिसतो. मी कुणाकुणाला समजावू?"

सोमवारपासून त्याला फाटकावर बसायचंय. रखवालदार म्हणून! "पुरुष माणूस आहे, शोभेल," म्हणाल्या. तान्ह्यांच्या खोलीत कुणी नवी मुलगी येणार. तिला अनुभव नाही. पण ती मुलगी आहे ना!

घरी आल्यावर नातवाला काही बोलले नाही. लोखंड कातलेली बाई मी — आणि तोंड उघडेना.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शिंपिणीनं खालून हाक मारली. "आजी, चहा!" मी खिडकी लावून घेतली.

१६ फेब्रुवारी, रविवार

एका पायाची नखं झाली. मी म्हटलं, "अरे, ते नाव —"

"माहीत आहे," नातू म्हणाला. "शिंपीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं मला. हसत हसत."

दुसऱ्याच दिवशी! म्हणजे तेव्हापासून दर रविवारी —

मी पाय मागे घेतला. त्यानं ओढून मांडीवर ठेवला. "हलू नकोस, आजी. लागेल."