वळणावर थांबायचं नाही

३ नोव्हेंबर
जव्हारला पोचले. हवा झकास, खोली बरी, घरमालकीण प्रेमाताईंनी आल्या आल्या नागलीची भाकरी वाढली. काम सोपं आहे: जीपवाल्यांच्या मोबाइलमध्ये आमचं ॲप टाकायचं. वेग, ब्रेक, वळणं सगळं फोनच टिपतो आणि शंभरपैकी गुण देतो. पोशेऱ्याचे जीपवाले तुळशीदास म्हणाले, शाळेत राहिलेले गुण आता तरी मिळतील. खूप हसलो.

५ नोव्हेंबर
तुळशीदासांच्या जीपने पोशेऱ्याला गेले. गावाजवळच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली, मागचं दार उघडलं, "उतरा रं, गाव आला," म्हणाले आणि दार लावलं. उतरलं कुणीच नाही. गेल्या साली पोशेऱ्याचे मजूर घेऊन वीटभट्टीवरून परतणारी जीप घाटात दरीत गेली. ती माणसं अजून प्रत्येक जीपमध्ये बसतात, त्यांना गावाशी उतरवावं लागतं, सगळेच उतरवतात, असं त्यांनी अगदी सहज सांगितलं. ॲपने मात्र वळणावर थांबल्याबद्दल गुण कापले. मला ॲपचं पटलं. हे बंद करा म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

११ नोव्हेंबर
गुण अठ्ठ्याण्णव! तुळशीदास मात्र कुरकुरतायत. रिकामी जीपसुद्धा चढाला धापा टाकते, ब्रेक उशिरा लागतो. मेकॅनिकला काही सापडलं नाही. एकदा दार उघडू द्या म्हणाले. सोमवारी मुंबईचे साहेब काम बघायला येणार, तोवर नको म्हटलं. ऐकलं त्यांनी. माणूस शब्दाचा पक्का आहे.

१४ नोव्हेंबर
जीप दरीत गेली. तुळशीदास गेले. पोलीस म्हणाले, गाडी रिकामी होती, ब्रेक शाबूत. त्यांच्या घरी गेले; त्यांची बायको जयवंती मला पाहून आत निघून गेली. कुणीतरी चहा दिला. मी प्यायले. रडू यायला हवं होतं. आलं नाही.

१५ नोव्हेंबर
त्यांच्या फोनचा चुरा झालाय, मी स्वतः पाहिला. तरी ॲपवर त्यांची फेरी चालू — जव्हारकडे. कुठेच थांबत नाहीत. गुण शंभर.

१६ नोव्हेंबर, दुपार
नकाशावरचा ठिपका माझ्या दारात. बाहेर इंजिनाचा आवाज. प्रेमाताईंना तो ऐकू येत नाही म्हणे.

तुळशीदासांचाच आवाज. "मॅडम, आता तरी उघडा."

बाहेर गेले. मागचं दार उघडलं. गाव आला म्हटलं. पण हे त्यांचं गाव नाही, त्यांना कळतं —

कुणी उतरत नाही. भीतीही वाटत नाही, काहीच नाही —

सरकून बसतायत. माझ्यापुरती जागा