एकाच दाराला नवा रंग

सूनबाई,

मी प्रार्थनेला जाते आहे. चहा झाकून ठेवलाय.

काल त्या जुन्या गाड्यांच्या दुकानदाराने "आजी, किती आणलेत?" असं गोडीत विचारलं, आणि खरं बोलायच्या व्रतापायी मी अख्खा आकडा सांगून बसले. तू माझ्यावर डाफरली नाहीस. उलट त्यालाच म्हणालीस, "आईंनी खरं सांगितलं, आता तुम्ही सांगा. या एकाच दाराला नवा रंग कसा?" गाडी ठोकली गेली होती हे त्याला कबूल करावं लागलं, आणि तू तीस हजार उतरवलेस. तेवढ्या पैशांत यांना इस्पितळात न्यायचं पेट्रोल वर्षभर निघेल. धन्य आहेस ग बाई!

आज गाडी आणायला मीही येते. कागदांवर सह्या होईपर्यंत मौन धरीन.

आई