दिवेलागणीला बाहेर

आई, काल संध्याकाळी भाट्याच्या पुलाजवळ उभी राहून मी सूर्यास्ताचा फोटो काढला आणि घरी पोचायच्या आत जगाला दाखवूनही झाला. तुझ्या वेळी हे नव्हतं म्हणून सांगते. आता फोनातच कॅमेरा असतो. फोटो काढून टाकला की कुठची कुठची माणसं बघतात आणि खाली आपलं मत लिहून जातात. नागपूरची एक बाई लिहिते, "ताई, नशीबवान तुम्ही, लहानपणापासून रोज हेच बघत असाल!" वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. राग तिचा नाही, तुझा. रत्नागिरीत जन्मले, रत्नागिरीत वाढले, सासरही रत्नागिरीतच, आणि सूर्य समुद्रात पुरता बुडताना पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. सांगितलं तर लोक हसतील. पण दिवेलागणीला पोरीबाळींनी घरात, हा तुझा कायदा होता ना.

मिरकरवाड्यातल्या आपल्या घरात लाटांचा आवाज झोपेतसुद्धा यायचा, पण दार पूर्वेला आणि मागे चिऱ्यांच्या कुंपणाचा उंच गडगा. उन्हं उतरली की तुझी हाक ठरलेली. "काय गो मेल्ये, तिन्हीसांजेची उंबऱ्यात काय उभी?" दादा तेव्हा खुशाल जेटीवर पाय सोडून बसलेला असायचा, त्याला हाक नाही. एकदा, मी सहावीत असेन, तू चुलीपाशी आहेस असं बघून मी मागच्या गडग्यावर चढते. सूर्य पाण्यापासून वीतभर वर आहे, लाल, मोठा, त्याच्याकडे बघितलं तरी डोळे दिपत नाहीत. आता टेकणार, आता टेकणार, आणि मागून माझी वेणी खेचली जाते. मी खाली, गुडघा फुटलेला. तुझ्या हाताला बांगडे कापल्याचा वास. "बुडत्या सूर्याकडे बघून कोणाचं भलं झालंय?" एवढंच बोललीस. मग तसाच रक्ताळलेला गुडघा दुमडून मला देवासमोर बसवलंस आणि शुभंकरोती म्हणायला लावलंस. मी म्हटली. पण हात जोडून मनात तुला काय काय बोलत होते ते ऐकलं असतंस तर उरलेली वेणीही उपटली असतीस.

लोक मला विचारतात, सूर्योदयाचे फोटो का टाकत नाही? का टाकू? सूर्योदय तू मला पोटभर दाखवलेस. पहाटे अंधारात उठवायचीस, टोपली माझ्या डोक्यावर, आणि चल लिलावाला. होड्या लागलेल्या, बर्फाचं पाणी पायाखाली, खलाशी एकमेकांना शिव्या घालतायत, आणि तू त्या सगळ्यांच्या मधून मला कोपराने पुढे ढकलतेस, "सुरमई बघ कुठली ताजी, तोंड काय बघतेस माझं?" तेव्हा पोरीची जात तुला आठवली नाही. कामाला म्हणून पोरगी अंधारात बंदरावर चालत होती. बघायला म्हणून उजेडात चालत नव्हती. हे मला तेव्हाही कळत होतं, बोलता येत नव्हतं इतकंच.

लग्नात समई दिलीस. हातात देताना डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं होतं, तर म्हणालीस काय, "दिवेलागण चुकवू नको हां." नाही चुकवली. सासूबाई तुझ्याच शाळेतल्या. नोकरीवरून सुटायचं, रिक्षा पकडायची, धावत घरी, पदर खोचला की दिवा, कुकर, पोळ्या. रोज आभाळ लाल व्हायचं ते मी भिंतीवर बघितलं. तू गेलीस, मागून सासूबाईही गेल्या. मग लेकीने तिचा जुना फोन दिला आणि एका रविवारी मला भाट्याला नेलं. सूर्य टेकला, चपटा झाला, गेला. मी रडले. लेक घाबरली, "आई, काय झालं गं?" काय सांगू तिला? तेव्हापासून रोज जाते. हे म्हणतात, रोज तोच सूर्य, तोच समुद्र, काय ते फोटो! म्हणू देत.

आता खरं भांडण. मागच्या महिन्यात मी फोटोखाली लिहिलं, माझं आजोळ बुरोंडी. दोन दिवसांनी तिथल्या एका मुलीने माझा नंबर मागून फोन केला, म्हणाली आजीला बोलायचंय. म्हातारीने आजोळच्या घराची खूण विचारली, आजोबांच्या होडीचा रंग विचारला आणि खात्री पटल्यावर ओरडलीच. "अगो, तू तिची चेडू, तिची लेक? तुझी आवस नि मी रोज सांजच्याला खडकावर! सूर्य बुडल्याबिगर हलायची नाय ती. तिची आई काठी घेऊन यायची, तरी नाय."

मी म्हटलं, "आजी, मला तर तिने कधी बघू दिला नाही."

"लगीन झाल्यावर तीपण नाय आली कधी. माहेरपणाला आली की चुलीपाशी बसायची. मी म्हटलं, चल गो. तर म्हणाली, नको, त्याची सवय लागते, मग घरात जीव रमत नाय."

आई, म्हणजे तुला माहीत होतं! मी इतकी वर्षं समजत होते की तू अडाणी, तुला काय कळणार. तुला सगळं कळत होतं. पोटभर बघून घेतलंस, आणि माझी वेणी खेचलीस. घरात जीव रमावा म्हणून? मग ऐक, नाही रमला. एक दिवस नाही रमला. न बघताही नाही रमला. निदान बघून तरी नसता रमला!

परवा एसटीने बुरोंडीला गेले. म्हातारीने काठीने खडक दाखवला आणि स्वतः खाली वाळूत बसली. मी वर चढले. तुझ्याशी भांडायचंच ठरवून गेले होते, पण सूर्य उतरायला लागला आणि मी फोटो काढत बसले. रात्री तो टाकला, खाली लिहिलं, माझ्या आईची जागा. झालं, लोकांना उमाळे आले. धन्य ती माउली. असे संस्कार हवेत. नागपूरच्या त्या बाईने विचारलं, "ताई, ही सूर्यास्ताची ओढ तुम्हाला आईमुळेच लागली ना?"

यातलं काही तुला पोचणार नाही, ठाऊक आहे. त्या बाईला खरं काय ते लिहायला मी बोट उचललं होतं, वेणी, गुडघा, सगळं. लिहिलं मात्र, "हो, आईमुळेच." अजून पुसलेलं नाही.