खुडूक कोंबडी आणि हवामानाचा डबा

नाना, तुमच्या लेकीला आता वर बघण्याचा पगार मिळतो. अमळनेरला आपल्या स्वयंपाकघरात मी खिडकीतून ढग बघत उभी होते आणि दूध उतू गेलं, तो दिवस आठवतो ना? तुम्ही तेलाच्या कारखान्यातून नुकतेच आला होतात. तेलकट हातांनीच पातेलं उतरवलंत आणि म्हणालात, "वर काय देखस? खाले देख." मी रडले नाही, फुगून बसले. आता धुळ्याहून साक्रीच्या डोंगरात जाते आणि खरोखरीचे फुगे सोडते. तिकडे हवामान मोजायला काहीच नाही, आणि सगळी शेती पावसावर. म्हणून मोठ्या फुग्याला थर्माकोलचा डबा बांधायचा, डब्यात यंत्र. फुगा ढगांच्याही वर जाऊन फुटतो, डबा कापडी छत्रीने खाली येतो, आणि मग आम्ही तो शोधत फिरतो. तुम्ही असतात तर याला काम म्हणाला नसतात.

पहिलाच डबा दोन डोंगर पलीकडच्या पाड्यात उतरला. आमच्या ऑफिसातल्या सरांनी आधीच बजावलं होतं, महिनाअखेर डबा हाती आला नाही तर दुसरा फुगा मिळणार नाही, काम बंद. मी पाच दिवसांनी पोचले, तर एका अक्कांच्या पडवीत डबा अगदी सुखरूप. छत्रीचं कापड शेळीच्या पिलाच्या अंगावर, आणि डब्यात भुसा, भुशावर अकरा अंडी, अंड्यांवर कोंबडी. यंत्रातलं कार्ड तळाला, म्हणजे बरोबर कोंबडीखाली. मी नुसता हात घालू का, असं विचारलं. अक्कांनी मला आधी पाणी दिलं, मग शांतपणे सांगितलं, "कोंबडी खुडूक बठेल शे. हात लावशी ते उठी जाई, बठ्ठा अंडा वाया जातीन." मी म्हटलं, अक्का, डबा सरकारी आहे. त्या म्हणाल्या, "डाबडा तुना शे, कोंबडी मनी शे." खुडूक कोंबडीला त्या पाड्यात कोणीच उठवत नाही, पोलीस पाटीलसुद्धा मला समजवायला आले.

मग मी सोळा दिवस थांबले. दर दोन दिवसांनी साक्रीपर्यंत एसटी, पुढे पायी, नागलीची भाकर आणि मिरची खायची, कोंबडीची विचारपूस करायची, परत. सरांचा फोन आला की सांगायचं, शोध सुरू आहे. महिना संपायला दोन दिवस असताना नऊ पिलं निघाली. अक्कांनी स्वतः डबा झाडून दिला, वर दोन अंडी दिली, ती त्याच अकरांतली न फुटलेली निघाली. कार्ड शाबूत होतं. तापमानाचा आलेख ढगांवर जाताना गोठणबिंदूखाली उतरला, डबा खाली येताना पुन्हा चढला आणि मग सेल संपेपर्यंत तीन दिवस एकाच उबदार रेषेत सरळ चालला. सर चष्मा काढून बघत राहिले आणि विचारलं, हा उष्णतेचा थर कुठला? मी म्हटलं, स्थानिक. त्यांनी अहवालात तसंच लिहिलं आणि दुसरा फुगा मंजूर झाला.

घरी येऊन मी एकटीच खूप हसले, नाना, आणि हसता हसता थांबले. धुळ्याच्या दवाखान्यात शेवटच्या वेळी तुम्ही मला म्हणाला होतात, "दोन दिन थांब ना." मी म्हटलं, रजा नाही. तुम्ही लगेच मान हलवलीत, बसस्टँडपर्यंत रिक्षा कर म्हणालात. तुमची फार आठवण येते. हे पत्र कोणाला दाखवणार नाही, वहीतच राहील, म्हणून लिहिते. तेव्हा माझी आठ दिवसांची रजा शिल्लक होती.